सांगितल्या भावाची करवत

युसूफ, तुझी करवत मी परवा विकली. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसलो. भाव चांगला आला. त्यावरून तू कुरकुर करणार नाहीस, हे मला माहीत आहे. भावावरून तू कधीच कोणाशी कुरकुर केली नाहीस, आणि माझा तुझ्यावरचा राग तिथूनच सुरू झाला.

माणूस गेला की राग आपोआप विझतो, असं मी ऐकत आलो होतो. तसं काही झालं नाही. तुझ्या मातीला मी अकोल्याला आलो, खांदा दिला, तीन मुठी माती घातली, तुझ्या थोरल्या भावाच्या बाजूला उभा राहिलो. सगळे म्हणत होते, भला माणूस होता. मी मनात म्हणत होतो, भला होता, पण त्या दिवशी त्याने माझ्याशी असं वागायला नको होतं. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी तुझ्याशी भांडत होतो. तू काही बोलत नव्हतास. तू गप्प बसलास की माझं डोकं आणखी तापतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

आपण एकत्र कसे आलो ते लोकांना अजून कळत नाही. मी अमरावतीचा, बापाशिवाय वाढलेला, लाकडाच्या वखारीत उरलेले तुकडे उचलून पोट भरणारा. त्या तुकड्यांचे मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासाठी लाकडी बैल करायला लागलो. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं दोरी बांधून गल्लीभर ओढतात ते. बैल ओबडधोबड असायचे, पण मी ते विकायचोच. विकणं मला येत होतं. तू अकोल्यात बंडी, म्हणजे बैलगाडी, करणाऱ्या घरातला. ट्रॅक्टर आले, बंड्या बंद झाल्या, तुझ्या वडिलांनी भट्टी विझवली, आणि तू मोठ्या बंडीऐवजी हातभर लांबीची बंडी करायला बसलास. पण चाकाला सगळे आरे, जुवाला खरी भोकं, धुऱ्याला खरा उतार. एका प्रदर्शनात तुझ्यासमोर उभा राहून मी भाव पाडायला लागलो, तर तू भावावर बोलायचं सोडून आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात कसा बसतो ते सांगत बसलास. मी म्हटलं, "मी भाव विचारून राहिलो, तू चाक दाखवून राहिला." तू म्हणालास, "चाक पाहून घे, मंग भाव तुलेच समजन."

त्यानंतर तू बनवायचास आणि मी विकायचो. अमरावतीच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तुझ्या बंड्या गेल्या. चांदूर बाजारकडचे एक पाटील आले होते, आठवतं? घरची बंडी सरपणात गेली आणि दोन वर्षांनी त्यांना ती आठवायला लागली. म्हणाले, "आमच्या बंडीची मागची फळी डावीकडून तुटेल होती. तशीच पाहिजे." मी म्हटलं, तुटकी फळी असेल तर आपण भाव थोडा कमी लावू. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसा मी मशिदीत चपला घालून शिरलो होतो. तुटकी फळी करायला तुला चांगल्या फळीपेक्षा जास्त वेळ लागला. पाटील ती बंडी हातात घेऊन तुटक्या फळीवरून अंगठा फिरवत राहिले. पैसे मात्र मी सगळे घेतले.

आपली खरेदीची पद्धतही तेव्हाच ठरली. लाकूड असो, पितळेची पट्टी असो, रंग असो, दुकानात दोघांनी जायचं. मी भांडायचं. भाव अडला की मी ताडकन उठायचं आणि मागे न पाहता पायऱ्या उतरून जायचं. तू आत बसून राहायचं. तू दुकानदाराला म्हणायचं, "जाऊ द्या शेठ, मानूस तापट आहे, पन पैसे देनारा आहे. थोडं पाहून घ्या." मग शेठ भावात खाली यायचा आणि तू मला हाक मारायचास, "देव्या, ये बे, झालं." मी तोंड वाकडं करून परत यायचो. कितीतरी दुकानांत आपण हे केलं. माझा तापटपणा खराच होता, पण त्याचा असा उपयोग होतो हे मला तुझ्यामुळे कळलं. त्या हाकेची मला इतकी सवय झाली होती की पायऱ्या उतरताना मी मनात मोजत नसे, फक्त रस्त्यावरची माणसं पाहत उभा राहायचो. हाक येणारच.

मग करवतीची गोष्ट निघाली. बंड्यांच्या मागण्या वाढल्या आणि आरे हाताने कापून पुरेनात. काडीएवढी पट्टी हाताने कापली की एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. मी म्हटलं, आरागिरणीत नेऊ. तिथल्या मोठ्या करवतीने पट्टी कापली तर जेवढी पट्टी निघाली तेवढाच भुसा झाला. तू भुशाची मूठ माझ्या हातात देऊन म्हणालास, "हे पाय, तुहं सागवान. अर्धं पात्यानंच खाल्लं." तेव्हा ठरलं की टेबलावर ठेवायची लहान करवत घ्यायची. मॉडेलवाले वापरतात तशी, चार बोटांएवढं गोल पातं, वर सपाट पाट, पाटातून थोडंसं डोकं काढणारं.

ती निवडण्यात तू मला वेड लावलंस. मी मोटर मोठी कोणाची ते पाहत होतो, तू मोटरकडे पाहायचाच नाहीस. प्रत्येक दुकानात तुझी तीच तऱ्हा. खिशातून ज्वारीचे दाणे काढायचे, पाटावर ठेवायचे आणि म्हणायचं, "चालू करा." दाणे नाचत कडेला गेले की तू उठायचास. मग पातं बोटांनी धरून हळूच डावीउजवीकडे ढकलायचं, दांडा खेळतो का पाहायला. शेवटी गाईड. पात्याच्या बाजूने जी पट्टी सरळ उभी असते, जिच्या आधाराने लाकूड पुढे जातं, ती घट्ट करून तू पुढून मोजायचास, मागून मोजायचास. घट्ट करताना ती केसभर जरी सरकली तरी तुझ्या लेखी ती मशीन मेली. अमरावतीच्या एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे बुवा ज्योतिषी आहेत का?"

अकोल्याच्या त्या दुकानात दाणे नाचले नाहीत. पातं हललं नाही. गाईड पुढून मागून सारखा. तू पाटावरून तळहात फिरवलास आणि मला कळलं, हीच. आणि तुझा तो हात दुकानदारानेही पाहिला. मी मनात म्हटलं, युसूफ, तू आज भाव वाढवलास. तरी मी लढलो. दोन वेळा चहा झाला. तो थोडा हलला, मी थोडा हललो. मग त्याने एक गोष्ट केली. म्हणाला, भावात खाली येतो, पण हा गाईड काढून दुसरा, साधा लावून देतो, आणि पातं एकच. मला वाटलं, ठीक आहे. गाईड तर तू लाकडाचा करशील, सुताराच्या घरचा आहेस. पण मला भाव त्याच्या तोंडून आणखी खाली हवा होता. म्हणून मी उठलो. पायऱ्या उतरलो. समोर पानठेला होता, तिथे उभा राहिलो.

हाक आली नाही.

मी पान लावायला सांगितलं, खाल्लं. रस्त्यावरून एक हातगाडीवाला केळी घेऊन गेला, त्याच्याशीसुद्धा मी भाव केला, केळी घ्यायची नव्हती तरी. मग तू आलास. खांद्यावर खोकं, कपाळावर घाम. मी विचारलं, "कितीत?" तू सांगितलंस. तो त्याने पहिल्यांदा सांगितलेला भाव होता. म्हणजे मी दोन चहा पिऊन जे काही खाली आणलं होतं, तेही तू परत देऊन टाकलंस.

"काहून?" मी विचारलं.

"गाईड काढून घेत होता तो."

"मले दिसत नव्हतं काय? मी वाकवला असता त्याले. गाईडसुद्धा घेतला असता अन् भावही पाडला असता."

"पाडला असता," तू म्हणालास.

"मंग?"

खोकं तू पानठेल्याच्या फळीवर टेकवलंस. त्या दिवशी तू जे बोललास ते मी नंतर कोणालाच सांगितलं नाही. तू म्हणालास, "देव्या, दर वेळी तू उठून जातो. मी आत बसतो. अन् त्या मानसाचं तोंड मले पाहा लागते."

मी तेव्हा काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "मी उन्हात उभा राहतो म्हनून तू पंख्याखाली बसतो." आणि मी एसटी स्टँडकडे चालायला लागलो. मागून तू येत होतास की नाही, ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर भांडण झालं असं म्हणता येणार नाही. भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं. धंदा चालू राहिला. तुझ्या बंड्या कापडात गुंडाळून अकोल्याहून एसटीत यायच्या, मी फोन करायचो, "मिळाल्या." तू म्हणायचास, "बरं." खरेदीला आपण पुन्हा कधी एकत्र गेलो नाही. मी एकटा गेलो आणि महागात घेतलं, हे मी आज तुला सांगतो, कारण आता तू हसणार नाहीस. आणि त्या मशीनला हात लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. सांगितल्या भावात आलेली वस्तू. मी अकोल्याला यायचो तेव्हा पुढच्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो. मागच्या खोलीत तू कापायचास. मी आत येत नाही म्हटल्यावर तू आतूनच बोलायचास, दार उघडं ठेवून, मोठ्याने, जणू शेजाऱ्यांना शिकवतोस. "आता पातं लाकडाच्या जरासंच वर ठेवलं. लय वर ठेवलं तं धार फाडते." मी पान उलटायचो. "आता पातळ पट्टी पात्याच्या बाहेरच्या अंगाले पडू देऊन राहिलो. गाईड अन् पात्याच्या मधात अडकली तं गोळीसारखी येते." मी तुझ्या बायकोला हाक मारायचो, "भाभी, पानी द्या." भाभी पाणी आणायच्या आणि हसायच्या.

मला वाटायचं तू मला चिडवतोस. आज वाटतं, तू मला बोलावत होतास. खरं काय होतं ते तुला विचारायचं राहून गेलं. विचारणं काही अवघड नव्हतं. दोन खोल्यांच्या मध्ये तर एक उंबरठा होता.

तुझ्या चाळिसाव्या दिवसानंतर भाभींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, ते मशीन विकून द्या. मले त्या खोलीत जाववत नाही, अन् पडून राहिलं तं गंजन. तुमच्याइतका भाव कोनालेच येत नाही." मी हो म्हटलं. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी त्या मशीनचा भाव माझ्या हातात आला होता. तुझ्या त्या दिवसाचं उट्टं मी काढणार होतो, तेही तुझ्याच घरच्यांसाठी.

घेणारा बाळापूरचा. पंकज नावाचा चाळिशीतला माणूस, वायरिंगची कामं करतो आणि उरलेल्या वेळात गावच्या किल्ल्याचं लाकडी मॉडेल करतो. बुरूज झाले, दरवाजा अडलाय म्हणाला. दारावरच्या पट्ट्या त्याला काडीएवढ्या हव्या होत्या. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. मीही पहिल्यांदाच आत जात होतो. तू मशीनवर जुनी चादर टाकून ठेवली होतीस. भिंतीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक टांगलेलं होतं. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान मी अमरावतीहून पाठवायचो, त्यातले मोडलेले खिळे शोधायला ते होतं, हे मला पाहिल्याबरोबर कळलं. माझ्या लाकडाने तुझी किती पाती खाल्ली असतील, हे तू कधी सांगितलं नाहीस. भावात धरलं असतं मी. तेवढं तरी करू दिलं असतंस.

पंकजला मी भाव सांगितला. जरा चढाच सांगितला. तो किती खाली येईल, मी कुठे थांबणार, कुठल्या शब्दावर चादर परत झाकायला घेणार, सगळं अमरावतीहून ठरवून आलो होतो.

तो म्हणाला, "ठीक आहे काका."

मी म्हटलं, "काय ठीक आहे?"

"भाव. घेतो मी."

युसूफ, मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. माझ्या तोंडात तयार असलेली सगळी वाक्यं तशीच राहिली. तो पैसे काढायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "थांब. अशी नाही द्यायची." त्याला वाटलं भाव वाढवतोय. मी म्हटलं, "तुले चालवता येते काय?" तो म्हणाला, "व्हिडिओ पाहिले आहेत." मी म्हटलं, "बस मंग."

आणि मी त्याला सांगायला लागलो. पातं बसवताना दातांचं तोंड तुझ्याकडे हवं. दात बारीक ते पातळ लाकडाला. जाड सागवान बारीक दातांवर घातलंस तर ते कापणार नाही, जळेल. गाईड पात्याला समांतर लाव, आणि चूक करायचीच असेल तर मागून केसभर उघडा राहू दे. मागून आवळला तर लाकूड तुझ्या पोटात येईल. म्हणून पात्याच्या सरळ रेषेत उभंच राहायचं नाही. पाटाच्या फटीतून पातळ पट्टी खाली पडते, तर वरून नवा प्लायचा तुकडा दाबून बसव आणि चालू पातं त्यातून हळूहळू वर आण, म्हणजे पात्याएवढीच फट राहते. शेवटचा भाग बोटांनी ढकलायचा नाही, काठीने ढकलायचा. जुनं लाकूड असेल तर आधी लोहचुंबक फिरव. अर्ध्यातून मागे ओढायचं नाही. बंद झाल्याशिवाय पट्टी उचलायची नाही, कितीही घाई असली तरी.

तो मान डोलवत होता आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. ती सगळी मी पेपरच्या आडून ऐकली होती, आणि ऐकत नाही असं तुला भासवलं होतं.

मग तो म्हणाला, "काका, एकदा कापून दाखवा."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. तुझ्या खोक्यातून सागवानाचा तुकडा घेतला, चुंबक फिरवलं, गाईड लावला, पुढून मोजला, मागून मोजला. बाजूला उभा राहिलो. बटण दाबलं. पात्याने वेग घेईपर्यंत थांबलो आणि लाकूड पुढे सारलं. माझ्या हाताला काहीच येत नव्हतं, हे तुला खरं सांगतो. पण मध्येच आवाज जड झाला, आणि तो आवाज मला ओळखीचा होता. भिंतीपलीकडून मी तो इतक्या वेळा ऐकला होता. आवाज जड झाला की तू थोडा थांबायचास आणि तो पुन्हा हलका व्हायचा. मी थांबलो. हलका झाला. पुढे सारलं. पट्टी पात्याच्या बाहेर अलगद आडवी पडली. मी मशीन बंद केली, पातं थांबू दिलं आणि पट्टी उचलली. दोन्ही टोकांना सारखी.

पंकज ती बोटांवर वाकवून पाहत म्हणाला, "मानलं काका. किती वर्षं चालवता तुम्ही ही?"

भाभी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधी आल्या मला कळलं नाही. माझ्याइतकंच त्यांनाही माहीत होतं की त्या उंबरठ्याच्या आत मी आज पहिल्यांदा आलोय. मी काय उत्तर देतो ते त्या पाहत राहिल्या. मी पाटावरचा भुसा हाताने झाडू लागलो. मग त्यांनी ट्रे पाटाच्या कडेला ठेवला आणि पंकजला म्हणाल्या, "दोघंई मिळून चालवत होते, भाऊ. एक आतून, एक बाहेरून."

मी चहा घेतला. पंकजने मशीन चादरीत बांधली, तुझं चुंबकही मी त्याला देऊन टाकलं, भाव न सांगता. तो रिक्षात बसून गेला. भाभींच्या हातात पैसे ठेवले, त्यांनी ते न मोजता आत नेले.

आपला वाद मिटलेला नाही, हे लक्षात ठेव. गाईडसुद्धा घेतला असता आणि भावही पाडला असता, हे मी आजही म्हणतो. तू मला न विचारता माझी सगळी मेहनत परत देऊन टाकलीस, हे अजून खुपतं. पण तू दुसरं जे बोललास, त्या माणसाच्या तोंडाबद्दल, त्याला मी पंख्याचं उत्तर दिलं आणि चालायला लागलो. ते उत्तर नव्हतं. इतकी वर्षं दर वेळी तू ते पाहत बसलास आणि मला हाक मारताना तुझा आवाज कधी बदलला नाही. मला कळणार कसं?

एकदा म्हणायचं होतंस, देव्या, आज तू आत बस. आज मी उठून जातो. मी बसलो असतो, युसूफ. शिव्या देत, पण बसलो असतो. आणि तू पायऱ्या उतरायच्या आधीच तुला हाक मारली असती.